कोनशिलेवर कागद चिकटवतात तेव्हा

१९७५ च्या सुमाराला कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यात कुठल्याही वाडीत गेलं, तरी शाळेच्या नाहीतर चावडीच्या भिंतीवर एक ओळ रंगवलेली दिसायची : देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा. आमच्या पिढीला ती अजून तोंडपाठ आहे. हजार रुपये म्हणजे तेव्हा मोठी रक्कम. आम्ही पोरं खरोखरच रोगी शोधत हिंडायचो. बाजारच्या दिवशी परगावचा कुणी तोंडावर फोड घेऊन दिसला, की लांबूनच त्याला निरखायचो. रोगी काही सापडला नाही. देशातला शेवटचा देवीचा रोगी मे १९७५ मध्ये नोंदला गेला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. आंबा घाटाकडचा पाऊस भिंतीला भिंत म्हणून उभं राहू देत नाही, तरी ती ओळ पुढे कितीतरी वर्षं शेवाळाखालून वाचता यायची.

तिच्या शेजारी कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण असायचा. हिवतापाच्या फवारणीवाले येऊन गेले, की दाराच्या चौकटीजवळ तारीख टाकून जायचे. पुढच्या खेपेला आलेला माणूस आधी ती तारीख बघायचा. हे सगळं सरकारी खर्चानं, म्हणजे आपल्याच पैशानं झालेलं. भिंत आम्हाला काहीतरी कळवत होती, आमच्याकडून काहीतरी मागत होती आणि बदल्यात काय देणार ते आकड्यात सांगत होती. त्यात कुण्या पुढाऱ्याचा चेहरा नव्हता. हे मात्र प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे, की आणीबाणीच्या त्याच वर्षांत शहरांतून इंदिराबाईंचे भलेमोठे फलक लागले होते आणि वीस कलमी कार्यक्रमाच्या पाट्या खेड्यापाड्यांतही पोचल्या होत्या. चेहऱ्यांची चाल तेव्हापासूनची. पण वाडीच्या भिंतीवर आमदाराचा, सभापतीचा चेहरा सरकारी पैशातून यायला अजून बराच अवकाश होता.

नावं कोरायची हौस आमच्या भागाला नव्हती असं नाही. शाहूवाडीत घरटी एक माणूस मुंबईत असायचा. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडी. लालबाग-परळच्या एकेका खोलीत पंधरा-वीस जण राहायचे आणि तिथेच गावाचं मुंबई मंडळ भरायचं. दर महिन्याला पगारातून वर्गणी काढून ही माणसं गावाकडे देऊळ बांधायची, शाळेला खोली द्यायची, पाण्याला पाइप आणायची. काम पुरं झालं की भिंतीत संगमरवरी फरशी बसायची. आमच्या शाळेच्या खोलीत तशी एक होती. दुपारच्या सुट्टीत आम्ही ती बोट फिरवून वाचायचो. पाचशे एक, एकशे एक, एक्कावन्न. सगळ्यात खालच्या ओळीत एका विधवेचं नाव होतं, आधी ‘कै.’ लावून नवऱ्याचं, मग तिचं, आणि पुढे अकरा रुपये. ती बाई लोकांच्या शेतात भांगलायला जायची. ते अकरा रुपये किती दिवसांच्या मजुरीतून साठले असतील, हे तेव्हा कळलं नाही, आता कळतं. त्या फरशीवरच्या प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या खिशातून गेलेली रक्कम होती. फरशी हीच पावती होती. कुणाला शंका आली तर मंडळाच्या वहीत बघायला मोकळीक होती, आणि गणपतीला नाहीतर शिमग्याला मुंबईकर गावी आले की ती वही देवळात सगळ्यांसमोर वाचली जायची. आठ आण्यांवरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत. त्या भांडणांबद्दल मला आज फार आदर वाटतो.

पुढाऱ्याचा हिशेब मात्र वहीत नसायचा, तोंडावर असायचा. एसटीत पुढच्या बाजूच्या एका बाकावर लोकप्रतिनिधींसाठी राखीव अशी अक्षरं असतात, ती काही शोभेला लिहिलेली नव्हती. कोल्हापूरहून मलकापूरला येताना त्या बाकावर पंचायत समितीचा नाहीतर जिल्हा परिषदेचा सदस्य बसलेला जुन्या लोकांनी बघितला आहे. गाडी बांबवड्याला थांबली, की मागचा माणूस पुढे सरकायचा आणि विचारायचा. रस्ता सव्वा-दीड तासाचा, उत्तर दिल्याशिवाय उतरायला जागा नाही.

प्रचाराला जीप यायची, वर भोंगा बांधलेला. उमेदवार पारावर बसायचा, चहा व्हायचा, आणि मग कोपऱ्यातून एखादी म्हातारी आवाज द्यायची, ‘काय ओ, मागल्या खेपेला म्हणालासा वड्यावर फरशी पूल बांधतो. पोरं अजून दोराला धरून साळंला जात्यात.’ उमेदवार म्हणायचा, ‘व्हय मावशी, औंदा नक्की करतो.’ त्यावर ती, ‘औंदा औंदा करून माझं केस पांढरं झालं की ओ!’ सगळे हसायचे, उमेदवारही हसायचा, पण ते वाक्य त्याच्या आधी पुढच्या वाडीत पोचलेलं असायचं. त्याचा बाप कसा वागला, सोसायटीच्या कर्जाच्या वेळी यानं कुणाला दारात उभं केलं, बांधावरून कुणाशी कज्जा मांडला, दुष्काळी कामावर मस्टर कुणी लिहिलं आणि हजेरी कुणाची खाडा झाली, हे सगळं गावाच्या स्मरणात असायचं. १९८० पासून १९९६ पर्यंत लागोपाठ पाच वेळा लोकसभेवर निवडून गेलेले उदयसिंहराव गायकवाड याच तालुक्यातले. एकच नाव पाच निवडणुकांत समोर आलं, तेव्हा पारावर मागचं-पुढचं बोलायला भरपूर होतं. बाजू घेणारे असायचे, तक्रारी सांगणारे असायचे, पण बोलणं चालायचं ते केलेल्या-न केलेल्या कामावरून.

त्या दिवसांचे गोडवे गाताना एक गोष्ट मी विसरू शकत नाही. पारावर बसणारे सगळे पुरुष होते आणि बहुतेक एकाच आळीतले. ती म्हातारी बोलू शकली ती वयामुळे. तरणी सून बोलली असती तर घरी ऐकावं लागलं असतं. गावकुसाबाहेरच्या वस्तीला रस्ता का नाही, हा प्रश्न पारावर येतच नसे. ग्रामसभा कायद्यात होती, प्रत्यक्षात शिपाई घरोघर फिरून वहीवर अंगठे घेऊन जायचा. आणि कागद? तलाठ्याचं दप्तर, ग्रामसेवकाचं कपाट, तालुक्याची फाइल यांपैकी काहीही मागायची सोय नव्हती. मागणाऱ्याला ‘तू कोण?’ असं विचारायचे. पुढाऱ्याच्या मागच्या वागणुकीबद्दल गावाला पुष्कळ माहीत असायचं, पण सिद्ध करता येईल असं हातात काही नसायचं. माहिती ऐकीव, त्यामुळे कधी खऱ्या माणसाचंही वाटोळं व्हायचं आणि खोटा सुटायचा.

अशा काळात जानेवारी १९८२ उजाडला. मुख्यमंत्री अंतुले यांच्या इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानाला सिमेंटच्या कोट्याच्या बदल्यात देणग्या मिळाल्या, हे अरुण शौरींनी ऑगस्ट १९८१ मध्ये इंडियन एक्स्प्रेसमधून उघड केलं होतं. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली आणि १२ जानेवारीला न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला. अंतुल्यांना पायउतार व्हावं लागलं. आमच्याकडे ही बातमी रेडिओवर ऐकली, दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं आलेल्या पेपरात वाचली. तेव्हा सिमेंट कंट्रोलचं होतं. घराच्या पायासाठी दहा पोती मिळवायला तहसील कचेरीत खेटे घालणाऱ्या माणसाला हे प्रकरण कुणी समजावून द्यावं लागलं नाही. लोकांचं पोतं आणि त्यावर नाव मोठ्या माणसाचं, एवढं त्याला पुरेसं होतं. त्याच महिन्यात १८ तारखेला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी थांबल्या. मंडळांच्या वर्गण्याही थांबल्या. अंतुल्यांवरचा खटला पुढे वर्षानुवर्षं चालला, नंतर ते केंद्रात मंत्रीही झाले. पण नावाच्या प्रतिष्ठेसाठी सार्वजनिक अधिकार वापरला म्हणून राज्याच्या प्रमुखाला खुर्ची सोडावी लागते, हे आम्ही शाळकरी वयात पाहिलं. त्याचा ठसा राहिला.

गिरण्या गेल्या तशी मंडळांची ताकद ओसरली आणि गावातल्या बांधकामाचा पैसा दुसरीकडून येऊ लागला. डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला. आता तो वर्षाला ५ कोटी आहे. आमदारांचा स्थानिक विकास निधी २ कोटींवरून टप्प्याटप्प्यानं चढत २०२२ पासून ५ कोटी झाला. म्हणजे पाच वर्षांच्या मुदतीत एका आमदारामागे २५ कोटी. यातला एक रुपयाही आमदाराचा नसतो. तो काम सुचवतो, मान्यता जिल्हाधिकारी देतात, पैसा राज्याच्या तिजोरीतून येतो. त्या तिजोरीत वारणाकाठच्या शेतकऱ्याच्या खताच्या पोत्यावरचा कर आहे, मलकापुरात चहाची टपरी चालवणाऱ्याच्या साखरेवरचा कर आहे, भांगलणाऱ्या बाईच्या काडेपेटीवरचाही आहे.

आणि मग फ्लेक्स आला. कापडावर, पत्र्यावर अक्षरं काढणारा पेंटर मागे पडला.

रत्नागिरी रस्त्यानं आंब्याकडे जाताना एखाद्या फाट्यावरची एसटीची पिकअप शेड नीट थांबून बघावी. एक सांगतो, गाव सांगत नाही, कारण तशा अनेक आहेत. शेडच्या कपाळपट्टीवर लाल ऑइलपेंटनं वीतभर अक्षरांत ‘मा.’ लावून एक नाव. त्याच्यापुढे ‘यांच्या विशेष प्रयत्नांतून व फंडातून’. डावीकडे हात जोडलेला फोटो, वरच्या कोपऱ्यात गोल चौकटींत पक्षाचे वरिष्ठ. गावाचं नाव खाली, एका बाजूला, बोटभर अक्षरांत. एसटीतून उतरणाऱ्या परक्या माणसाला ते दिसतही नाही. आत भिंतीत काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला. तिच्यावर उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख उपस्थिती, सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य. मी मोजायला बसलो नाही, पण नावं भरपूर आहेत. किती रुपये लागले, काम कधी सुरू झालं, कधी संपलं, ठेकेदार कोण, यातलं काहीही नाही. बाकाची फरशी निखळली आहे आणि पत्र्यातून पाणी गळतं, म्हणून पावसात पोरी दप्तर पोटाशी धरून शेडच्या एकाच कोपऱ्यात उभ्या राहतात. दुरुस्ती कुणी करायची, हे त्या पंचवीस-तीस नावांपैकी कुणाला विचारायचं?

हे असं लिहायचं नसतं. खासदार निधीच्या मार्गदर्शक सूचनांत फलकाबद्दल स्पष्ट सांगितलेलं आहे. योजनेचं नाव, खर्च, सुरुवातीची तारीख, पूर्ण झाल्याची तारीख, उद्घाटनाची तारीख आणि काम सुचवणाऱ्या खासदाराचं नाव, हे सगळं दगडावर किंवा धातूच्या पट्टीवर कायमचं असावं. म्हणजे नावाला मनाई नाही. नाव बाकीच्या माहितीच्या सोबतीनं यायला हवं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांवर, अगदी आमच्या डोंगरातल्या वाड्यांकडे जाणाऱ्या रस्त्यांवरही, रस्त्याची लांबी, रक्कम, ठेकेदार आणि पाच वर्षांची देखभाल लिहिलेल्या पाट्या दिसतात. रस्ता उखडला तर पाटीकडे बघून कुणाला धरायचं ते कळतं. मला त्या पाटीत शाळेतल्या जुन्या फरशीचं नातं दिसतं. दोन्हीकडे नावाला रक्कम चिकटलेली आहे.

सरकारी जाहिरातींवरच्या चेहऱ्यांचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर १३ मे २०१५ रोजी न्यायमूर्ती रंजन गोगोई आणि पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठानं निकाल दिला. ही संस्था स्थापन केली होती एच. डी. शौरी यांनी, म्हणजे अंतुले प्रकरण बाहेर काढणाऱ्या अरुण शौरींच्या वडिलांनी. माधव मेनन समितीच्या शिफारशी बहुतांशी मान्य करून न्यायालयानं सांगितलं, की सरकारी जाहिरातीत राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश सोडून कुणाचा फोटो नको. कारण दिलं होतं व्यक्तिपूजेचं. तो निकाल वाचून आमच्यासारख्या कितीतरी जणांना वाटलं होतं, की आता भिंती मोकळ्या होतील. पण राज्यं आणि केंद्र फेरविचारासाठी न्यायालयात गेली आणि १८ मार्च २०१६ ला मुख्यमंत्री, राज्यपाल आणि संबंधित खात्याच्या मंत्र्यांच्या फोटोला परवानगी मिळाली. मोकळ्या होऊ घातलेल्या भिंती पुन्हा भरल्या. मला हा फेरविचार आजही चुकीचा वाटतो. न्यायालयानं पहिल्या निकालात दिलेलं कारण मुख्यमंत्र्याला जितकं लागू पडतं, तितकंच मंत्र्याला लागू पडतं.

आणि हे कुण्या एका पक्षाचं नाही. करोनाची दुसरी लाट जोरात असताना, १२ मे २०२१ ला, महाविकास आघाडी सरकारनं उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्या समाजमाध्यमांचं काम बाहेरच्या कंपनीला देण्यासाठी जवळपास ६ कोटींचा शासन निर्णय काढला. लोक ऑक्सिजनचा बेड शोधत होते. इतका गदारोळ झाला, की दुसऱ्याच दिवशी तो रद्द करावा लागला. पुढच्या वर्षीच्या दिवाळीत दुसरं सरकार होतं आणि शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, तेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आला तो नेत्यांचे फोटो छापलेल्या पिशवीतून. शिधा चांगला होता, गरजू घरांना त्याचा आधार झाला, हे मी रेशन दुकानासमोरच्या रांगेत बघितलं आहे. पण डाळ द्यायला चेहरा लागत नाही. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या प्रसिद्धीसाठी सुमारे २०० कोटी मंजूर झाल्याचं वाचलं. वाडीतल्या बाईला योजना अंगणवाडीच्या ताईनं समजावून सांगितली, फॉर्म तिनंच भरून घेतला. दोनशे कोटींच्या प्रसिद्धीतलं त्या बाईच्या उपयोगाला किती आलं, हे कुणीतरी सांगायला हवं.

२०२१ च्या त्या एका दिवसात मागे घेतलेल्या निर्णयाला मात्र मी फार मानतो. शासन निर्णय संकेतस्थळावर होता म्हणून लोकांना दिसला. दिसला म्हणून प्रश्न विचारता आला. १९७५ मध्ये असा कागद आमच्या बापजाद्यांच्या नजरेलाही पडला नसता.

इथे आजचा काळ जुन्यापेक्षा सरस आहे, आणि तो नुसत्या आठवणी काढून वाया घालवू नये असं मला कळकळीनं वाटतं. माहितीच्या अधिकाराचा राज्याचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलेला अर्ज, ३० दिवसांची मुदत. फलकावर, जाहिरातीवर, उद्घाटनाच्या मांडवावर किती खर्च झाला आणि तो कुठल्या हेडमधून झाला, हे शाहूवाडीच्या तहसील कचेरीतही विचारता येतं, पंचायत समितीतही. उमेदवाराच्या मागच्या वागणुकीचंही तसंच. २ मे २००२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि त्यावर मार्च २००३ मध्ये झालेलं शिक्कामोर्तब, यांमुळे उमेदवाराला आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती शपथेवर द्यावी लागते. ते शपथपत्र निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात फलकावर लागतं, आता मोबाइलवरही निघतं. मागच्या निवडणुकीचं आणि या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचलं, की पाच वर्षांत काय वाढलं ते कुणाला विचारावं लागत नाही. ज्यांच्यावर फौजदारी खटले आहेत त्यांनी ती माहिती वृत्तपत्रांत तीन वेळा छापावी, हेही सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८ मध्ये ठरवून दिलं.

पण ती कशी छापून येते? निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे अक्षरं किमान १२ पॉइंटची. म्हणजे या मासिकातल्या अक्षरांएवढी. आतल्या पानावर, एका चौकटीत, कलमांचे आकडे आणि न्यायालयांची नावं. त्याच उमेदवाराचा हसरा चेहरा चौकात वीस फुटांचा. गावातली पोरं चेहरा रोज बघतात, चौकट एकालाही ठाऊक नसते. पूर्वी पुढाऱ्याची कुंडली माणसांच्या बोलण्यात होती, कागदावर नव्हती. आता ती कागदावर आहे आणि बोलण्यातून गेली आहे. पारावर हल्ली माणसं मान खाली घालून मोबाइल बघतात, त्यात पुन्हा तोच चेहरा वाढदिवसाच्या शुभेच्छा घेत असतो. मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते.

आता त्या कागदाबद्दल, ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली, की तालुक्यात एक काम तातडीनं होतं. सरकारी कार्यालयांवरचे फलक २४ तासांत, सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत उतरवायचे किंवा झाकायचे असतात. ग्रामपंचायतीचा शिपाई खळीचा डबा आणि जुन्या पेपरांचा गठ्ठा घेऊन निघतो. पिकअप शेडच्या कपाळपट्टीवर पांढरा रंग फिरतो. समाजमंदिर, हायमास्टचा खांब, पाण्याची टाकी, व्यायामशाळा, जिथे जिथे कोनशिला आहे तिथे नावावर कागद चिकटतो. गेल्या विधानसभेच्या वेळी आमच्याकडे खळ कमी पडली आणि पठ्ठ्यानं अर्धी कोनशिला झाकून ‘प्रमुख उपस्थिती’ तशीच ठेवली. भरारी पथकानं बघितल्यावर धावपळ झाली. मतमोजणी झाली की पाऊस-वाऱ्यानं नाहीतर कार्यकर्त्यांच्या नखांनी तो कागद निघतो.

म्हणजे या देशाची निवडणूक यंत्रणा दर निवडणुकीत लेखी मान्य करते, की लोकांच्या पैशानं उभ्या केलेल्या वस्तूवरचं पुढाऱ्याचं नाव हा त्याचा प्रचार आहे, आणि तो लोकांच्या पैशानं होता कामा नये. आचारसंहितेत सरकारी तिजोरीच्या खर्चानं जाहिरात टाळावी असं स्वच्छ शब्दांत लिहिलेलं आहे. हे जर निवडणुकीच्या दोन महिन्यांत खरं असेल, तर उरलेल्या अठ्ठावन्न महिन्यांत ते खोटं कसं होतं? मतदार आपलं मत काय शेवटच्या दोन महिन्यांतच बनवतो? रोज त्या शेडमध्ये एसटीची वाट बघणारी पोरगी अठरा वर्षांची होईपर्यंत तेच नाव वाचत मोठी होते. तिच्या मनावर कागद कधी चिकटवायचा?

कुणी म्हणेल, नावं वाचून लोक मतं देत नाहीत. आमच्या मतदारसंघापुरतं ते खरं आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. २००९ मध्ये विनय कोरे, २०१४ मध्ये सत्यजित पाटील-सरूडकर, २०१९ आणि २०२४ मध्ये पुन्हा कोरे. २०१४ चा निकाल ३८८ मतांवर लागला होता. एका मोठ्या वाडीच्या मतदान केंद्रावर याहून जास्त मतं असतात. इथला माणूस कुणाला कायमचा लिहून दिलेला नाही, तो विचारतो, तोलतो. तोलायला त्याच्या हातात खरी मापं यावीत एवढंच मागणं आहे. मार्च २०२२ नंतर तीन वर्षांहून जास्त काळ कोल्हापूर जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. गटात निवडून आलेला माणूसच नाही, प्रश्न विचारावा तर साहेबाला, आणि साहेब बदलीवर. त्या सगळ्या काळात चौकातले भावी सदस्यांचे फलक मात्र एक दिवस कमी झाले नाहीत.

ग्रामसभा आता वर्षातून चार ठरलेल्या असतात : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. बायका येतात, बोलतात. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली पदवीधर पोरं येतात आणि अंदाजपत्रकाची प्रत मागतात. पूर्वी हे नव्हतं. येत्या सभेसाठी आम्ही एक ठराव लिहून काढला आहे. गावाच्या हद्दीत सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक कामावर एकाच आकाराच्या अक्षरांत पाच गोष्टी असाव्यात : कामाचं नाव आणि कुठल्या निधीतून, मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष खर्च, सुरू केल्याची आणि पूर्ण झाल्याची तारीख, ठेकेदाराचं नाव, आणि दुरुस्तीची जबाबदारी किती वर्षं कुणाची. काम सुचवणाऱ्या लोकप्रतिनिधीचं नाव सहाव्या ओळीत, त्याच आकारात. फोटो नाही. आधी झालेल्या कामांच्या कोनशिला काढायच्या नाहीत, त्यांच्या शेजारी ही माहिती लावायची आणि तिचा खर्च मुंबईकर वर्गणीतून देणार आहेत. मंडळाची जुनी वही मिळाली आहे, तिच्यात पानं शिल्लक आहेत. शेवटच्या परिच्छेदात असं म्हटलंय, की निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचं शपथपत्र ग्रामपंचायतीसमोर मोठ्यानं वाचावं, आधीच्या निवडणुकीचंही वाचावं, आणि उमेदवाराला समोर बसून ऐकायचं निमंत्रण द्यावं. वाचायला शाळेतली एक शिक्षिका तयार झाली आहे. सूचक म्हणून माझी सही आहे. अनुमोदकाच्या जागी बचत गटाच्या अध्यक्षबाईंनी सही केली आणि विचारलं, ‘दादा, पिकअप शेडचा पत्रा कुणी बदलायचा ते पण त्याच सभेत विचारायचं न्हवं?’ तो मुद्दा सातवा म्हणून घातला आहे.